कोणाचे देणे आधी?

व्याज द्यायचे नाही आणि घ्यायचेही नाही, एवढे पाळले की पैशाच्या व्यवहारातील आपली धार्मिक जबाबदारी संपली, असे आपल्यापैकी बरेच जण मानतात. काही महिन्यांपूर्वीपर्यंत मीही जवळजवळ असेच मानत होतो. एका प्रश्नाला मी घाईने दिलेल्या उत्तरामुळे ही समजूत मला पुन्हा तपासून पाहावी लागली. ज्यांनी प्रश्न विचारला होता, त्या गृहस्थांच्या परवानगीने आणि त्यांची ओळख पटणार नाही अशा रीतीने तो प्रसंग येथे मांडत आहे.

हे गृहस्थ आमच्या कोकणातले. अठरा वर्षे कुवेतमध्ये नोकरी करून गावी परतलेले, पाचही वेळच्या नमाजला पहिल्या रांगेत असणारे. आम्ही सर्व त्यांना चाचा म्हणतो. मुलीचे लग्न ठरले होते. मुलाकडच्यांनी काहीही मागितले नव्हते. तरीही मुलीला दागिने, संसाराचे सामान आणि कपडे द्यावेत अशी घरच्यांची इच्छा होती. लग्नासाठी चाचांनी नऊ लाख रुपये बाजूला ठेवले होते. एके दिवशी असरच्या नमाजनंतर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, “मौलाना, एक मसला आहे. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणतो, सराफाकडची आणि मोठ्या दुकानांतली सगळी खरेदी माझ्या क्रेडिट कार्डावर करू. पैसे आपल्या खात्यात तयारच आहेत. बिल आले की तारखेच्या आत पूर्ण भरायचे, व्याजाचा एक पैसाही द्यायचा नाही. एवढ्या मोठ्या खरेदीवर इतके रिवॉर्ड पॉइंट मिळतील की एका माणसाचे जेद्दाहचे तिकीट निघेल. तुमच्या चाचीने अजून काबा पाहिलेला नाही. मी कुवेतहून जाऊन आलो, ती राहिली. हे चालेल का?”

मी मुफ्ती नाही. फतवा देण्याचा अधिकार माझा नाही, हे मी त्यांना सांगितले. परंतु मदरशात जे शिकलो त्याच्या आधारे पुढे म्हणालो, “व्याज द्यावे लागणार नाही याची खात्री असेल, तर बरेच उलेमा याला परवानगी देतात.” चाचा समाधानाने उठून गेले. उत्तर चुकीचे नव्हते, पण ते अपुरे होते आणि त्याचा अपुरेपणा मला तीन महिन्यांनी कळला.

आधी व्यवहाराचे स्वरूप समजून घेऊ. आपण कार्डाने खरेदी करतो तेव्हा दुकानदाराचे पैसे बँक चुकते करते आणि आपण बँकेचे ऋणको होतो. म्हणजे ही उधारी आहे. बिलाच्या चक्रानुसार साधारणतः वीस ते पन्नास दिवसांत सर्व रक्कम भरली, तर त्यावर व्याज लागत नाही. पॉइंट बँक देते आणि ग्राहक घेतो, म्हणजे लाभ कर्ज देणाऱ्याकडून कर्ज घेणाऱ्याकडे जातो. रिबाची दिशा याच्या उलट असते. तेथे कर्ज देणारा आपल्या कर्जाच्या बदल्यात जादा काही घेतो. सहीह बुखारीत हजरत अब्दुल्लाह बिन सलाम (रजि.) यांचा उपदेश आला आहे. जेथे व्याजाचा सुळसुळाट आहे अशा प्रदेशात, आपल्या ऋणकोने चाऱ्याचा एक भारा भेट म्हणून दिला तरी तो घेऊ नये, असा त्याचा आशय आहे. ही सावधगिरी कर्ज देणाऱ्यासाठी आहे. येथे भेट देणारी बँकच धनको असल्यामुळे पॉइंटांना थेट व्याज म्हणता येत नाही, असे अनेक उलेमांचे मत आहे.

तथापि प्रश्न पॉइंटांवर संपत नाही. कार्ड घेताना आपण ज्या करारावर सही करतो, त्यात उशीर झाल्यास व्याज देण्याची अट मान्य केलेली असते. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००० साली रियाधच्या अधिवेशनात या विषयावर निर्णय दिला. खात्यात पैसे नसताना उधारीवर चालणाऱ्या कार्डाच्या करारात व्याजाची अट असेल, तर वेळेत पैसे भरण्याचा पक्का इरादा असला तरी असे कार्ड घेणे योग्य नाही, असे त्या निर्णयात म्हटले आहे. दुसरीकडे, गरज असेल आणि पूर्ण रक्कम वेळेत भरण्याची पक्की व्यवस्था असेल, तर परवानगी देणारे उलेमाही आहेत. दोन्ही बाजूंना विद्वान आहेत. वाचकांनी आपल्या विश्वासातील मुफ्तींना विचारून निर्णय घ्यावा. मला येथे त्यापुढच्या प्रश्नाकडे लक्ष वेधायचे आहे. परवानगी देणाऱ्या उलेमांचे मत स्वीकारले, एक पैसाही व्याज दिले नाही, तरी असा व्यवहार अल्लाहसमोर निर्दोष ठरतो का?

तीन महिन्यांनंतर आमच्या मशिदीच्या बैतुलमालकडे एक अर्ज आला. आमच्या मोहल्ल्यात शिवणकाम करून घर चालवणाऱ्या एका विधवा भगिनीने मुलाच्या प्रवेशासाठी दहा हजार रुपयांचे कर्जे-हसना मागितले होते. नियमाप्रमाणे तिला दोन जामीन आणावे लागले. कमिटीसमोर तिला विचारण्यात आले की, काम तर भरपूर असते, मग अडचण का आली? ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, “एका लग्नाचे कपडे शिवले होते. अकरा हजार आठशे रुपये येणे आहे. माणसे चांगली आहेत, देतील. पण प्रवेशाची तारीख परवा आहे.” तिने नाव सांगितले नाही. मात्र त्या महिन्यात मोहल्ल्यात एवढे मोठे लग्न एकच झाले होते.

मी चाचांच्या घरी गेलो. विषय कसा काढावा हे मला कळत नव्हते. अखेरीस सरळच विचारले. चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी कपाटातून वही काढली आणि हिशेब माझ्यापुढे ठेवला. कुवेतपासूनची त्यांची सवय आहे, प्रत्येक खर्च लिहून ठेवण्याची.

नऊ लाखांपैकी साडेसहा लाखांची खरेदी कार्डावर करायची आणि अडीच लाख रोख ठेवायचे, असे ठरले होते. मंडपवाला, आचारी, शिवणकाम, गाड्या, नातेवाइकांची सरबराई हे सर्व रोखीत होते, कारण या मंडळींकडे कार्ड चालत नाही. प्रत्यक्षात कार्डावरची खरेदी आठ लाखांवर गेली. सराफाने कार्डासाठी दीड टक्का जादा लावला होता. चार लाख ऐंशी हजारांवर ते सात हजार दोनशे झाले. दागिन्यांत एक हार वाढला, कारण “कार्डावरच तर आहे.” अखेरीस सात लाख बासष्ट हजारांवर आकडा आला, तेव्हा मुलाच्या लक्षात आले की आठ लाख पूर्ण केले तर बँक जादा पॉइंट देते. म्हणून अडतीस हजारांचे कपडे धुण्याचे यंत्र घेतले गेले. मुलीच्या सासरी ते आधीपासूनच होते. सर्व पॉइंटांची किंमत अठ्ठावीस हजारांच्या आसपास भरली.

बिल आले. आठ लाख रुपये तारखेच्या दोन दिवस आधी भरले गेले. व्याज शून्य. खात्यात उरले एक लाख. त्यातून आचाऱ्याचे आणि गाड्यांचे दिले, मंडपवाल्याला अर्धे दिले, आणि शिवणकाम करणाऱ्या भगिनीला घरातल्या कोणीतरी सांगितले, “कार्डाची तारीख आहे, ती होऊ द्या. पुढच्या महिन्यात बघू.” पुढच्या महिन्यात कोणाच्या लक्षातच राहिले नाही.

बंधूभगिनींनो, हा हिशेब पाहताना मला माझे उत्तर आठवत होते. मी त्यांना व्याजाबद्दल सांगितले होते आणि त्यांनी ते शब्दशः पाळले. बँकेचे देणे त्यांनी एक दिवसही थकवले नाही. बँक दंड लावते, व्याज लावते, फोनवर संदेश पाठवते, पत घसरवते. शिवणकाम करणारी भगिनी यांपैकी काहीच करू शकत नाही. तिच्याकडे थकबाकीवर दंड नाही, म्हणून तिची तारीखही नव्हती. बलवानाचे देणे आधी आणि दुर्बलाचे देणे सवडीने, असा क्रम आपोआप लागला. तो कोणी दुष्टपणाने लावला नव्हता. मात्र आपल्या शरीअतने लावलेला क्रम असा नाही.

ज्याच्याकडे देण्याची ऐपत आहे त्याने देणे लांबणीवर टाकणे हा जुलूम आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. मजुराची मजुरी विनाविलंब, अंगावरचा घाम वाळायच्या आत चुकती करावी, अशी ताकीदही हदीसमध्ये आहे. कुरआनच्या अल-मुतफ्फिफीन या ८३ व्या अध्यायाच्या सुरुवातीला अशा लोकांचा निषेध आहे, जे इतरांकडून घेताना माप भरून घेतात आणि देताना मात्र कमी देतात. आपण ही आयत तराजूवाल्या दुकानदारांसाठी आहे असे समजून वाचतो. अठ्ठावीस हजारांच्या पॉइंटांचा हिशेब शेवटच्या अंकापर्यंत ठेवणारे घर अकरा हजार आठशे रुपयांची मजुरी विसरते, तेव्हा ती आयत त्या घरापुढेही उभी राहते. आणि ज्या इमामाने त्यांना अर्धेच सांगितले, त्याच्यापुढेही.

मोठे कर्ज हे स्वतःच पाप आहे, असे इस्लाम म्हणत नाही. स्वतः प्रेषितांचे (स.) देहावसान झाले तेव्हा त्यांचे चिलखत एका यहुदी व्यक्तीकडे तीस साअ जवाच्या बदल्यात गहाण होते, असे हजरत आएशा (रजि.) सांगतात. आणि सहीह बुखारीत हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांच्या कर्जाची जी हकिकत आली आहे, ती प्रत्येक मोठ्या खरेदीपूर्वी घरात सांगावी अशी आहे. लोक त्यांच्याकडे ठेव ठेवायला येत. ठेव हरवली तर त्यांचे नुकसान होईल, म्हणून ते ती कर्ज म्हणून स्वतःच्या अंगावर घेत. हिजरी सन ३६ मध्ये जमलच्या लढाईच्या दिवशी त्यांनी पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना जवळ बोलावले. त्यांना सर्वांत मोठी काळजी होती ती आपल्या कर्जाची. त्याच दिवशी ते मारले गेले. हिशेब केला तेव्हा देणे २२ लाखांवर भरले. पुत्राने जमीन विकून ते फेडले. वारसांनी वाटणी मागितली, तेव्हा त्यांनी ती लगेच केली नाही. सलग चार वर्षे हजच्या काळात ते लोकांमध्ये घोषणा करीत राहिले की, जुबैर यांच्याकडून ज्याचे काही येणे असेल त्याने यावे, आम्ही ते चुकते करू. चार वर्षांनंतरच त्यांनी वाटणी केली.

या हकिकतीतील २२ लाखांचा आकडा आपल्याला थक्क करतो. पण खरी शिकवण त्या चार वर्षांत आहे. धनको मागायला येण्याची वाट पाहिली गेली नाही. ऋणकोचा पुत्र धनकोला शोधत फिरला. आपल्याकडे बँक आपल्याला शोधत येते आणि जो येऊ शकत नाही त्याला आपण विसरतो.

आता पॉइंटांकडे पाहू. बँक हे बक्षीस कोणाच्या खिशातून देते? माझ्या बीएच्या वर्गातील एक मित्र बँकेत आहे. त्याने मला हे समजावून सांगितले. क्रेडिट कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर दुकानदाराला साधारणतः दीड ते अडीच टक्के रक्कम द्यावी लागते. युपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून असा आकार नाही. क्रेडिट कार्डावर तो आहे. दुकानदार एकतर तो उघडपणे ग्राहकाकडून घेतो, जसा त्या सराफाने घेतला, किंवा सर्वच मालाच्या किमतीत मिसळतो. मिसळला की रोख पैसे देणारा गिऱ्हाईकही तो भरतो. अमेरिकेत बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये याचा हिशेब मांडला होता. रोखीने खरेदी करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या खिशातून वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्ड वापरणाऱ्यांकडे जातात आणि कार्ड वापरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सरासरी १,१३३ डॉलरचा लाभ होतो, असे त्यांना आढळले. आपल्या देशातील आकडे वेगळे असतील; पैसा वाहण्याची दिशा मात्र तीच आहे.

बँकेच्या उत्पन्नाचा दुसरा मोठा भाग म्हणजे वेळेत पैसे भरू न शकणाऱ्यांचे व्याज. आपल्याकडे अनेक कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. आठ लाखांऐवजी सहाच लाखांचे बिल धरले आणि ते एक महिना राहून गेले, तरी साडेतीन टक्क्यांनी एकवीस हजार व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे तीन हजार सातशे ऐंशी, असे चोवीस हजार सातशे ऐंशी रुपये होतात. बँक किमान रक्कम भरण्याची सवलत देते, ती साधारणतः पाच टक्क्यांची असते. ती भरल्याने उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. म्हणजे वर्षभराचे पॉइंट एका महिन्याच्या चुकीत बुडतात. ज्याची अशी चूक होते त्याच्या व्याजाचाही अंश त्या बक्षिसांच्या थैलीत असतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. प्रत्येक रुपयाचा उगम शोधत बसलो तर जगणेच अशक्य होईल. प्रेषितांच्या (स.) काळात मदीनेतील यहुदींमध्ये व्याजाचा व्यवहार चालत असे, तरीही मुस्लिमांनी त्यांच्याशी खरेदी-विक्री केली, आणि चिलखताचा प्रसंग तर वर आलाच आहे. समोरच्याचे धन मिश्र आहे एवढ्यावरून त्याच्याशी केलेला आपला स्वच्छ व्यवहार हराम ठरत नाही. हे मला मान्य आहे. म्हणूनच चाचांचे पॉइंट हराम आहेत असे मी म्हणालो नाही आणि आजही म्हणत नाही.

परंतु मिश्र जगात राहणे आणि त्या मिश्रणातून मिळणाऱ्या लाभासाठी आपली खरेदी आखणे, यांत फरक आहे. पहिल्या बाबतीत माणूस गरजेपुरता व्यवहार करतो. दुसऱ्या बाबतीत गरज काय हे बक्षीस ठरवू लागते. कपडे धुण्याचे ते यंत्र कोणाच्या गरजेचे होते? मुलीच्या नव्हते, सासरच्यांच्या नव्हते, चाचांच्याही नव्हते. त्याची गरज फक्त आठ लाखांच्या आकड्याला होती. अडतीस हजारांची ही खरेदी ज्या पॉइंटांसाठी झाली, ते सगळे मिळूनही अडतीस हजारांचे नव्हते. कुरआनच्या १७ व्या अध्यायात, २६ आणि २७ या आयतींमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांचे नाते कोणाशी जोडले आहे, हे आपण सर्व जाणतो. त्याच आयतींच्या सुरुवातीला नातेवाईक, गरजू आणि वाटसरू यांचा हक्क देण्याची आज्ञा आहे, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी येतात, कारण एका ठिकाणी उधळले की दुसऱ्या ठिकाणचा हक्क कमी पडतो. चाचांच्या वहीत तेच दिसत होते.

शिवाय कार्ड हातात असताना माणसाचा हात सैल होतो. २००१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांकडून बोली मागवल्या. काहींना सांगितले की पैसे रोख द्यायचे आहेत, काहींना सांगितले की क्रेडिट कार्डाने द्यायचे आहेत. कार्डवाल्यांच्या बोली रोखवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट होत्या. सामना तोच, तिकीट तेच. नोटा मोजताना मनाला जी टोचणी लागते ती कार्डाने लागत नाही. चाचांनी अठरा वर्षे घाम गाळून साठवलेले पैसे होते. ते नोटांच्या रूपाने मोजून द्यावे लागले असते, तर तो जादा हार आला नसता, असे त्यांनी स्वतःच मला सांगितले.

आणखी एक गोष्ट आपण मोठ्या खरेदीच्या आनंदात विसरतो. बँक आपल्याला पंचेचाळीस-पन्नास दिवस देते. पण ते पन्नास दिवस जगण्याची हमी कोणी देत नाही. एका मृताचा जनाजा आणला गेला तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की, याच्यावर कर्ज आहे का? तीन दीनार आहेत आणि मागे काही ठेवलेले नाही, असे कळल्यावर त्यांनी स्वतः नमाज पढवली नाही. साथीदारांना पढण्यास सांगितले. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले, तेव्हा प्रेषितांनी (स.) नमाज पढवली. तीन दीनारांसाठी हे घडले. आपण आठ लाखांचे कार्ड घासून घरी येतो, तेव्हा ते देणे घरात कोणाला ठाऊक असते? कोठे लिहिलेले असते? कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीची अल-बकरामधील २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. वारसांची वाटणी देखील मृताचे कर्ज फेडल्यानंतरच होते, हे अन-निसा या अध्यायात स्पष्ट आहे. शिवणकामाची मजुरी हेही त्याच अर्थाने कर्ज आहे. तिचा कागद बनत नाही, एवढाच फरक.

मग मोठी खरेदी कशी करावी? माझ्या मते सर्वांत निर्धोक मार्ग जुनाच आहे. पैसे साठवावेत आणि डेबिट कार्ड, युपीआय, धनादेश किंवा रोखीने द्यावेत. त्यात पॉइंट कमी किंवा शून्य मिळतील. पण कोणाचे ऋण नाही, आणि रोखीला सराफ कित्येकदा भावात सूटही देतो. ती विचारायला संकोच करू नये. तरीही आपल्या मुफ्तींच्या सल्ल्याने कोणी कार्ड वापरणारच असेल, तर खरेदीची यादी आणि रक्कम आधी कागदावर लिहावी आणि पॉइंटांसाठी तीत एकाही वस्तूची भर घालू नये. पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते होईल अशी सोय करावी आणि तेवढी रक्कम आधीच वेगळी ठेवावी. रक्कम फार मोठी आहे म्हणून हप्ते पाडून घेऊ नयेत. “विनाव्याज हप्ते” या नावाखाली बहुधा व्याज आकारलेलेच असते, फक्त ते सवलतीने झाकलेले असते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. कार्डाची मर्यादा म्हणजे आपली मिळकत नव्हे, हे तरुण मुलांना विशेषतः सांगावे. घरातील एका व्यक्तीला हे देणे सांगून, लिहून ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बँकेच्या बिलाची तारीख ज्या कागदावर लिहू, त्याच कागदावर तिच्या वर, शिंपी, आचारी, मंडपवाला, हमाल, घरकाम करणारी बाई यांची रक्कम लिहावी आणि आधी ती चुकती करावी. ज्यांच्याकडे कार्ड चालत नाही त्यांचे पैसे आधी वेगळे काढल्याशिवाय कार्ड खिशातून बाहेर काढू नये. एवढे एक पथ्य त्या घरात पाळले गेले असते, तर बैतुलमालकडे तो अर्ज आलाच नसता.

चाचांनी त्याच संध्याकाळी त्या भगिनीच्या घरी जाऊन पैसे दिले. उशिराबद्दल माफी मागितली. तिने मुलाची फी भरली, आणि बैतुलमालचे दहा हजार दुसऱ्या दिवशी परत आणून दिले. मंडपवाल्याचे उरलेले पैसे पुढच्या पंधरवड्यात गेले. कपडे धुण्याचे यंत्र खोक्यातच होते. ते कमी भावात विकावे लागले.

नंतर चाचांनी मला विचारले, “मौलाना, आता या पॉइंटांचे काय करू? हिचे तिकीट काढू की नको?” मी काही बोलण्यापूर्वी आतून चाचींचा आवाज आला, “आधी गावात कोणाचे काही राहिले आहे का ते घरोघरी विचारून या. मग माझी बॅग काढा.” मदरशातील आठ वर्षांत मी जुबैर (रजि.) यांची हकिकत अनेकदा पढलो होतो. त्या माउलीने ती पढली असेल की नाही, मला ठाऊक नाही. पण चार हजच्या त्या घोषणेचा अर्थ तिला माझ्याआधी कळला होता.

चाचा तीन दिवस मोहल्ल्यात फिरले. एका रिक्षावाल्याचे साडेतीनशे रुपये राहिले होते, आणि फुलवाल्याचे नऊशे. तेही दिले. त्यानंतर काढलेल्या तिकिटाबद्दल कोणी मला मसला विचारला नाही.

हे अल्लाह, आम्हाला हलालची कमाई दे आणि हलाल मार्गाने खर्च करण्याची बुद्धी दे. ज्यांचे हक्क आमच्याकडे अडकले आहेत, त्यांची आठवण आम्हाला मरणाआधी करून दे. जे मागू शकत नाहीत, त्यांचे देणे आमच्या हातून सर्वांत आधी फेडून घे. आणि ज्यांना लोक मसला विचारतात, त्यांना अर्धे उत्तर देण्यापासून वाचव. आमीन.